बी.एस्सी.च्या जोडीला बारा हजारांचा करिअर कोर्स : घ्यावा की नको?

प्रश्न : मॅडम, मी तासगाव तालुक्यातल्या एका गावात राहते. यंदा बारावी सायन्स झाले. बोर्डाला ६८ टक्के पडले आणि सीईटीला पीसीएममध्ये ७१ पर्सेंटाईल. आमची दीड एकर द्राक्षबाग आहे, थोडा माल बेदाण्याला जातो. मला केमिस्ट्री मनापासून आवडते. घरी द्राक्षाला द्यायच्या जीएचं (जिब्रेलिक ॲसिडचं) पाणी करायचं असलं की आण्णा पीपीएम, म्हणजे लिटरला किती मिलिग्रॅम ते, सांगतात आणि किती ग्रॅम घ्यायचं ते मी काढून देते. सांगलीच्या एका कॉलेजात बी.एस्सी.ला माझा नंबर लागलाय. तिथे डिग्रीबरोबरच 'विज्ञान-तंत्रज्ञान करिअर' असा वेगळा कार्यक्रम आहे. दर शनिवारी लॅब, उपकरणांचं ट्रेनिंग, पायथन, इंटर्नशिप, मुलाखतीची तयारी असं माहितीपत्रकात लिहिलंय. त्याची वर्षाला बारा हजार जादा फी आहे. तीन वर्षांपूर्वी सुरू झाला, पहिली बॅच यंदा बाहेर पडली. आण्णा म्हणतात, बी.एस्सी. करून पोरं घरीच बसतात. पुण्याचे चुलते म्हणतात, मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला सीट मिळवून देतो. तिथली फी वर्षाला दीड लाख, हॉस्टेल वेगळं. आण्णा कर्ज काढायला तयार झालेत. मला रात्रभर झोप नाही. सांगलीचा तो कार्यक्रम खरंच कामाचा असतो का? की नुसतं नाव मोठं?
— एक विद्यार्थिनी, तासगाव

उत्तर : बी.एस्सी. घे. त्या जादा कोर्सला मात्र लगेच हो म्हणू नकोस. आधी एक दुपार त्या कॉलेजात काढ. कुठे जायचं, काय बघायचं, कुणाला काय विचारायचं ते पुढे सांगते. त्याआधी तुझ्या पत्रातल्या एका वाक्याबद्दल बोलायचंय. तू ते सहज लिहून गेलीस, पण मला तुझ्या टक्क्यांपेक्षा ते मोलाचं वाटलं.

जीएचं पाणी तू करतेस. म्हणजे २० पीपीएम हवं असेल तर ५० लिटर पाण्याला १ ग्रॅम, हे तुला तोंडपाठ असणार. पावडर थेट पाण्यात विरघळत नाही म्हणून ती आधी थोड्या ॲसिटोनमध्ये किंवा अल्कोहोलमध्ये विरघळवून घेतात, हेही ठाऊक असणार. बेदाण्याचा माल तुम्ही पोटॅशिअम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यात बुडवून मग रॅकवर टाकता. मण्यावरचा मेणाचा थर त्यानं सैल होतो आणि आतलं पाणी लवकर निघून जातं, म्हणून बेदाणा कमी दिवसांत वाळतो. आता मला सांग, ॲसिटोनमध्ये विरघळणारी वस्तू पाण्यात का विरघळत नाही? मेणावर कार्बोनेट काय करतं? बी.एस्सी.च्या केमिस्ट्रीत याचीच उत्तरं मिळतात. वर्गातल्या बऱ्याच मुलांना हे प्रश्न पुस्तकात पहिल्यांदा दिसतात, तुझे हात लहानपणापासून त्यात आहेत.

पत्रात आण्णांची काळजी आहे आणि ती खोटी नाही. बी.एस्सी. होऊन घरी बसलेली मुलं गावोगाव आहेत. पण ती का बसली? मी एका टेस्टिंग लॅबमध्ये बरीच वर्षं काम केलं आणि नवीन मुलं निवडायच्या वेळी टेबलाच्या या बाजूला बसले. कागदावर फर्स्ट क्लास असलेल्या मुलाला आम्ही मुलाखतीत फार काही विचारायचो नाही. त्याला ब्युरेट, म्हणजे खाली तोटी असलेली मापाची काचनळी, द्यायचो आणि म्हणायचो, भरा. ज्यानं प्रयोग खरोखर केलेत, तो ब्युरेट आधी ज्या द्रावणानं भरायची त्याच द्रावणानं थोडी खळबळून घेतो. भरून झाली की वरचं फनेल काढून ठेवतो, कारण फनेलातून नंतर एक थेंब जरी गळला तरी रीडिंग चुकतं. मग तोटीखाली हवेचा बुडबुडा अडकलाय का ते बघतो, असला तर थोडं द्रावण सोडून घालवतो आणि डोळा रेषेच्या पातळीवर आणून मगच आकडा वाचतो. ज्यानं तीन वर्षं दुसऱ्याच्या वहीतली रीडिंग उतरवली, त्याचं फनेल तसंच राहतं. दोन मिनिटांत कळतं. त्या मुलाला हुशारी नव्हती असं नाही. त्याच्या हातात ब्युरेट कुणी दिलीच नव्हती, किंवा चार जणांत एक दिली होती आणि तो मागे उभा होता.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर एकाच गोष्टीवर ठरतं : त्या शनिवारच्या लॅबमध्ये तुझ्या स्वतःच्या हातात काय येणार? ते सोडून माहितीपत्रकातलं बाकी सगळं दुय्यम आहे.

आता ती दुपार. प्रवेशाच्या खिडकीवर चौकशी करू नकोस, तिथे माहितीपत्रकच वाचून दाखवतील. केमिस्ट्री विभागात जा आणि नम्रपणे सांग की मी इथे प्रवेश घेतेय, मला प्रयोगशाळा बघायची आहे. चांगल्या विभागात कुणी नाही म्हणत नाही. आत गेल्यावर मोठी, महागडी यंत्रं बघून दिपून जाऊ नकोस. वजनकाटा बघ, पीएच मीटर बघ, कलरीमीटर बघ, असला तर यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर बघ. प्रत्येक यंत्राशेजारी एक लॉगबुक असतं, किंवा असायला हवं. त्यात तारीख, कुणी वापरलं, कुठलं सॅम्पल, किती वेळ, सही असे रकाने असतात. ते उघडून बघायची परवानगी माग. पानं भरलेली असतील, हस्ताक्षरं वेगवेगळी असतील, मधूनच शाई सांडलेली असेल, एखादी नोंद खोडून पुन्हा केलेली असेल, तर त्या यंत्राला मुलांचे हात लागतात. शेवटची नोंद वर्षभरापूर्वीची असेल, किंवा सगळ्या नोंदी एकाच अक्षरात एकाच बसणीला लिहिल्यासारख्या वाटत असतील, तर ते यंत्र तपासणीला येणाऱ्या समितीसाठी ठेवलेलं आहे. वर प्लास्टिकचं कव्हर आणि कव्हरवर धूळ, एवढं दिसलं तरी पुरे.

मग लॅब असिस्टंटशी बोल. प्राध्यापकांशीही बोलायचंच आहे, पण आधी असिस्टंटशी. शनिवारी लॅब खरंच उघडते का, किती मुलं येतात, एका टेबलावर किती जण असतात, काचसामान फुटलं की नवीन कधी येतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. आपल्याकडे या माणसांना कुणी काही विचारत नाही. प्रयोगशाळा चालते ती त्यांच्या जिवावर, म्हणून आदरानं विचार.

प्राध्यापकांना विचारायचा प्रश्न जरा अवघड आहे, पण तुझा तो हक्क आहे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीच्या अभ्यासक्रमातच आता ऑन जॉब ट्रेनिंग आणि फिल्ड प्रोजेक्ट आले आहेत, त्यांना क्रेडिट्स आहेत आणि ते कॉलेजला करून घ्यावेच लागतात. मग माहितीपत्रकातली 'इंटर्नशिप' म्हणजे तीच, की तिच्याशिवाय वेगळी? तीच असेल तर तिच्यासाठी जादा पैसे घेणं मला बरोबर वाटत नाही. वेगळी असेल तर कुठल्या ठिकाणी, किती आठवडे, आणि तिथे मुलांनी काय काम केलं, हे त्यांना सांगता आलं पाहिजे. 'नामांकित कंपन्यांशी करार आहे' हे उत्तर झालं नाही. करारावर सह्या होतात, फोटो निघतो आणि पुढे वर्षभर एकही मुलगा त्या कंपनीचं फाटक ओलांडत नाही, असं फार ठिकाणी घडतं.

पहिली बॅच यंदा बाहेर पडली म्हणतेस, हे उत्तमच. त्यातल्या तीन-चार जणांचे नंबर विभागाकडे माग. कॉलेजनं स्वतःहून निवडून दिलेल्या एकाशी बोलून थांबू नकोस. त्यांनाही नोकरी लागली का, पगार किती, एवढंच विचारू नकोस. विचार, की शनिवारी सकाळी किती वाजता जायचात आणि आत गेल्यावर पहिल्या तासाला काय करायचात? खरं शिकलेली मुलगी या प्रश्नावर थांबत नाही. ती सोल्युशनं, चुकलेली रीडिंग, ओरडलेले सर, सगळं सांगत सुटते. नुसती बाकावर बसलेली मुलगी 'छान होतं, लेक्चर्स असायची' म्हणते.

पायथनसाठी मात्र या कार्यक्रमाला पैसे देऊ नकोस. ते तू फुकट शिकू शकतेस. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये संगणकाचे कितीतरी धडे मराठीतून ऐकायला मिळतात, आणि एनपीटीईएलचे (आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचे) कोर्स नावनोंदणी करून बघायला पैसे लागत नाहीत, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तरच थोडी फी भरावी लागते. 'व्यक्तिमत्त्व विकास' आणि 'मुलाखत तंत्र' याबद्दल तर मी एवढंच म्हणेन की ज्याला काम येतं त्याला मुलाखतीत बोलता येतं. शनिवारचे निम्मे तास असल्या व्याख्यानांत जात असतील तर बारा हजार जास्त आहेत. लॅबमध्ये जात असतील तर ते रास्त आहेत. रसायनं, काचसामान, असिस्टंटचा जादा दिवस हा खर्च खरा असतो.

एका छोट्या कॉलेजात एलसीएमएससारखं, अगदी सूक्ष्म अंश मोजणारं, कोट्यवधींचं यंत्र असणार नाही, आणि नसलं म्हणून कॉलेज वाईट ठरत नाही. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात मोठ्या उपकरणांची सोय आहे. चांगले विभाग मुलांना सॅम्पल घेऊन तिथे पाठवतात. पाठवतात का, एवढं विचार.

आता हे सगळं शिकून जायचं कुठे? तुझ्याच जिल्ह्यात बघ. सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला. सौदा निघतो रंगावर आणि आकारावर, पण अर्क काढणारा खरेदीदार विचारतो की कुरकुमीन, म्हणजे हळदीतलं पिवळं रंगद्रव्य, किती टक्के. ते काढायची नेहमीची पद्धत अशी : हळदीची पूड मोजून अल्कोहोलमध्ये काढायची, गाळायची, पातळ करायची आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ४२५ नॅनोमीटरच्या आसपास ती किती प्रकाश शोषते ते बघायचं. कुरकुमीनचं प्रमाण आधीच माहीत असलेल्या द्रावणांशी ते ताडून टक्केवारी काढायची. बी.एस्सी.च्या मुलीला हे एका शनिवारात करता येतं. तुला प्रकल्प निवडायची वेळ आली तर हाच सुचव : तुमच्या भागातल्या चार गावांची हळद आणि तिचं कुरकुमीन. मुलाखतीत हा प्रकल्प तुझ्यासाठी जेवढं बोलेल तेवढं कुठलंही प्रमाणपत्र बोलणार नाही.

साखर कारखान्यांची लॅब आहे. तिथे रसाचा ब्रिक्स (विरघळलेले एकूण पदार्थ) आणि पोल (त्यातली साखर) शिफ्टप्रमाणे काढत राहावं लागतं. त्या वाटेनं जायचं असेल तर पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये साखर आणि अल्कोहोल तंत्रज्ञानाचे पदवीनंतरचे कोर्स आहेत. कुपवाड, मिरज, किर्लोस्करवाडीच्या बाजूला लोखंडाचं काम आहे, तिथे धातूची तपासणी लागते. दूध, औषधं, पाणी, माती आहेच. सुरुवातीचा पगार या सगळ्या ठिकाणी कमी असतो आणि रात्रपाळी असू शकते, हे आधीच सांगते. पण दोन-तीन वर्षांत ज्याला यंत्र बिघडलं तर का बिघडलं हे कळायला लागतं आणि ज्याच्या नोंदी चोख असतात, त्याला लॅब सोडत नाहीत. नोंदी चोख ठेवायची सवय पहिल्या वर्षीच लाव. प्रयोगाचं रीडिंग थेट वहीत, पेनानं. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी लिहायचं. खाडाखोड, व्हाइटनर, कच्च्या कागदावरून नंतर उतरवणं, यातलं काहीही नको. एनएबीएलची (प्रयोगशाळांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेल्या लॅबमध्ये हाच शिस्तीचा नियम असतो आणि नवीन मुलांना तो लावताना आमची दमछाक व्हायची.

नोकरीऐवजी पुढे शिकावंसं वाटलं तर वाटा बऱ्याच आहेत आणि त्यांची माहिती गावात पोचतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना 'जॅम' नावाची परीक्षा देता येते. तिच्यावर आयआयटींमध्ये एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो. केमिस्ट्रीचा पेपर वेगळा असतो, पेपर इंग्रजीतून असतो. 'गेट'सुद्धा तिसऱ्या वर्षापासून देता येते. ती फक्त इंजिनिअरांची परीक्षा आहे हा समज चुकीचा आहे, तिच्यातही केमिस्ट्रीचा पेपर आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत देशातल्या मोठ्या संशोधन संस्थांत दोन महिने काम करायला विज्ञान अकादमींच्या फेलोशिप असतात, त्यासाठी अर्ज आदल्या हिवाळ्यातच करावा लागतो. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा 'नियस' हा पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठीचा कार्यक्रम आहे. पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्क्यांवर राहिलीस तर चौथं वर्ष संशोधनासह ऑनर्सचं करता येतं आणि मग एम.एस्सी. एका वर्षात होऊ शकते. तुझ्या बारावीच्या टक्क्यांनी यातलं एकही दार बंद झालेलं नाही. ही नावं त्या विभागातल्या प्राध्यापकांसमोर काढून बघ. पहिल्या बॅचमधल्या एकानंही जॅमचा फॉर्म भरला नसेल, तर करिअरचा कार्यक्रम हे नाव त्यांनी नीट विचार करून ठेवलेलं नाही.

इंग्रजीची भीती तू पत्रात लिहिली नाहीस, पण असणार. पहिलं सेमिस्टर त्यामुळे जड जाईल. रोज पाठ्यपुस्तकाचं एक पान मोठ्यानं वाच आणि त्यात काय म्हटलंय ते मराठीत आईला सांग. आईला कळलं तर तुला कळलं.

पुढचा भाग आण्णांना वाचून दाखव.

आण्णा, नमस्कार. मुलीसाठी कर्ज काढायला तुम्ही तयार झालात, यावरूनच कळतं की तिचं शिक्षण तुमच्यासाठी काय आहे. तुम्ही बागायतदार आहात म्हणून तुम्हाला २०१० साल आठवत असेल. लिहोसीनचा, म्हणजे वेलीची वाढ रोखायला फवारतात त्या औषधाचा, अंश सापडला म्हणून आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले आणि कितीतरी बागायतदार त्यात भरडले गेले. तिथली मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती. म्हणजे वीस टन द्राक्षांत एक ग्रॅम. तो एक ग्रॅम आधी आपल्याकडेच शोधला गेला असता तर माल बंदरावरून निघालाच नसता. आज निर्यातीच्या प्रत्येक प्लॉटचं सॅम्पल लॅबला जातं, तुम्हीही कधी दिलं असेल. त्या लॅबमध्ये आत बसून रिपोर्टवर सही करणारा माणूस केमिस्ट्री शिकलेला असतो. तो पुण्या-मुंबईचाच असावा असा काही नियम नाही. ज्या मुलीला फवारणी आणि काढणी यांत किती दिवस सोडायचे हे घरातच कळलंय, ती त्या खुर्चीवर बसली तर बागायतदाराचंच भलं आहे. तुमच्या तालुक्यातल्याच एका बागायतदाराने थॉमसनच्या वेलींतून नजरेनं हेरून तास-ए-गणेश वाण निवडला. शास्त्र आपल्या मातीला परकं नाही.

आता पैशाचं. चुलत्यांचा हेतू चांगला आहे, पण मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेताना एक गोष्ट ध्यानात घ्या. २०२४-२५ पासून राज्य शासनानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. पण ती सवलत कॅपमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, प्रवेश घेणाऱ्या मुलींनाच आहे. मॅनेजमेंट कोट्याला नाही. म्हणजे तुम्ही या गटांत बसत असाल, तर जे शिक्षण तुमच्या मुलीला शिक्षण शुल्क न भरता मिळू शकतं, त्यासाठी तुम्ही कर्ज काढणार. इंजिनिअरिंगच करायचं ठरलं तर कॅपचा फॉर्म भरा. वालचंद कॉलेजला इतक्या पर्सेंटाईलवर नंबर लागत नाही, पण जिल्ह्यात इतर कॉलेजं आहेत. पण तिनं पत्रात कॉम्प्युटरबद्दल एक शब्दही लिहिलेला नाही. आवड नसताना चार वर्षं ढकललेलं इंजिनिअरिंग आणि विषय राहिले की वाढत जाणारं व्याज, हे मी जवळून पाहिलंय. आणि समजा तीन वर्षांनी तिलाच वाटलं की इंजिनिअरिंग करावं, तर बारावीला गणित असल्यामुळे बी.एस्सी.नंतर थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. संगणकाकडे वळावंसं वाटलं तर एमसीएची, म्हणजे संगणकातल्या पदव्युत्तर पदवीची, सीईटी आहे. बी.एस्सी.नं कुठलीही वाट अडत नाही.

आता पुन्हा तुझ्याशी. चुलत्यांना उलट बोलू नकोस. त्यांना म्हण, काका, त्या कॉलेजात कॅपमधून किती मुलं आली आणि कोट्यातून किती, आणि गेल्या वर्षी पहिल्या वर्षाचे सगळे विषय किती जणांचे सुटले, एवढं विचारून सांगा. ते विचारतील, आणि उत्तर आल्यावर त्यांचं मत बहुधा त्यांचं तेच बदलेल.

सांगलीला जाताना आण्णांना बरोबर ने. लॅब त्यांनाही बघू दे. लॉगबुक चांगलं दिसलं, असिस्टंट आणि जुनी मुलं एकच गोष्ट सांगत असतील, तर कोर्सला नाव घाल आणि बारा हजार दोन हप्त्यांत भरायची परवानगी माग. बहुतेक ठिकाणी अर्ज केला की देतात. तिथे काही दिसलं नाही, तर नुसती बी.एस्सी. घे आणि विभागप्रमुखांना जाऊन सांग की प्रात्यक्षिकाच्या वेळेशिवाय मला आठवड्यातून दोन तास लॅबमध्ये मदतीला बसू द्या, काचसामान धुवायलाही चालेल. शंभर मुलांत असं विचारणारी एखादीच असते, तिला शिक्षक विसरत नाहीत. एसटीचा विद्यार्थी पास पहिल्याच आठवड्यात काढ, आणि शनिवारी परतीची गाडी किती वाजता आहे ते कोर्सचे पैसे भरायच्या आधी बघ. लॅब सहाला सुटत असेल आणि तुमच्या गावची शेवटची गाडी साडेपाचची असेल, तर हे आधी सरांच्या कानावर घाल, म्हणजे तुला सकाळच्या बॅचला टाकता येईल. फी कुठलीही भर, पण कॉलेजच्या नावाच्या पावतीवरच.